पेटीला उकळलेला मध: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मधमाश्यांना उकळलेला मध देऊ नका, या माझ्या सल्ल्यावर ‘माझे वडील वर्षानुवर्षं पावसाळ्यात जुना मध पाणी घालून उकळून सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेट्यांना देत आले, एकही वसाहत गेली नाही. उकळल्यावर रोगजंतू तर मरतातच. तुम्ही उगाच पुस्तकी भीती घालता,’ असं तुम्ही लिहिलंत.

वडिलांचा अनुभव खोटा नाही, पण वसाहत टिकली म्हणून माश्यांना काही झालं नाही असं ठरत नाही. हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते आणि बहुधा पेटीबाहेरच मरते. ती आठवडाभर आधी गेली तर कोण मोजणार? राणी अंडी घालतेय तोवर भर पडत राहते.

मध मुळात आम्लधर्मी. तो तापला की त्यातल्या फ्रुक्टोज साखरेपासून एचएमएफ (हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल) नावाचं रसायन तयार होतं. माणूस रोज कॉफीतून ते पचवतो. माशीचं आतडं मात्र त्याने बिघडतं. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या पिंजऱ्यातल्या प्रयोगात एचएमएफ किलोला 30 मिलिग्रॅमपर्यंत असताना माश्यांना त्रास झाला नाही, 150 ला 20 दिवसांत निम्म्याहून जास्त मेल्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांत माणसाच्या खाण्याच्या मधाची मर्यादा 40, उष्ण प्रदेशातल्या मधाला 80. म्हणजे आपल्याला चालणारा मध त्यांना चालेलच असं नाही. त्यात तुमचा ‘जुना’ मध! एप्रिल-मेचा उन्हाळा पत्र्याच्या डब्यात पडून राहिलेल्या मधात एचएमएफ आधीच वाढलेलं असतं, वर तुम्ही तो चुलीवर ठेवता. गोठलेला मध कोमट पाण्यात डबा ठेवून, 40-45 अंशांवर पातळ केला तर माझी तक्रार नाही.

रोगजंतूंचं म्हणाल तर सॅकब्रूड या अळ्यांच्या रोगाचा विषाणू उकळल्यावर निकामी होतो, मान्य. पण मेलीफेरा या युरोपीय मधमाशीच्या पिलाव्याला (अळ्यांना) सडवणाऱ्या अमेरिकन फाउलब्रूड या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, आणि मधात ते वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून कुठल्या पेटीचा ते ठाऊक नसलेला मध कच्चाही नको, उकळलेलाही नको. निरोगी पेटीचीच मधाची फ्रेम (पोळ्याची चौकट) राखून ठेवली असेल तर ती खुशाल परत द्या.

नाहीतर साखरेचा पाक: पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग तितकीच साखर ढवळायची. खडे होऊ नयेत म्हणून लिंबू पिळायची आपल्याकडे खोड आहे, ती इथे नको; आंबटपणाने एचएमएफला मदतच होते. गार झाल्यावर, संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवा. दिवसा उघड्यावर ठेवलात तर शेजारच्या माश्या लूट करायला येतील.