शर्ट काही जाईना

आमच्या घरातून माणसं बाहेर पडली. दोघं चुलतभाऊ पुण्याला गेले, एक थेट ऑस्ट्रेलियाला. वस्तू मात्र कुठं जात नाहीत. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराचा उंबरा ओलांडून एखादी वस्तू आत आली, की तिची बाहेर जायची वाट आईच्या हातावरून आहे. आणि आई म्हणते, "राहू दे की. काय खायला मागतंय का?"

मी सांगतोय ते एका शर्टाबद्दल. रंग पिवळा. सोनचाफ्याचा वगैरे नव्हे. हळकुंडं उकडून, वाळवून पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवली की तळाशी जी भुकटी उरते, तो पिवळा.

आला तो आहेरात, शर्टपीस म्हणून. आता आहेरातला शर्टपीस शिवायचा नसतो, पुढच्या लग्नात सरकवायचा असतो, हे आपल्याकडं लहान पोराला पण कळतं. हा पीस आमच्याकडं यायच्या आधी निदान चार लग्नं आणि दोन मुंजी फिरून आला असावा, कारण त्याच्या घड्यांवर कुंकवाची बोटं होती आणि ती निरनिराळ्या माणसांची होती. आईनं ही साखळी तोडली. "सगळ्यांनी ह्याला नुसतं फिरवलंय. कापडाचं काय चुकलं?" असं म्हणत तिनं तो टेलरकडं टाकला. किनारीवर छापलेलं होतं, ६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कॉटन. त्या दोन आकड्यांकडं मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. ते पुढं येईल.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी आहे. दिवसभर हवेत हळद, वहीवर हळद, चहावर हळदीची साय. पांढरा शर्ट घालून गेलो तर संध्याकाळी नवरदेव होऊन परत येतो. त्यात हळदीच्या डागाची गंमत अशी, की साबण लावला की तो लालभडक होतो. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा माझा शर्ट धुवायला घेतला तेव्हा ती घाबरून आईकडं पळत गेली होती. आईनं शांतपणे सांगितलं, "आधी खळबळून घे, मग उन्हात टाक. हळदीला ऊन सोसत नाही." खरंच दोन दिवसांच्या उन्हात डाग पसार. पण रोज कोण दोन-दोन दिवस शर्ट वाळत टाकणार? तेव्हा पिवळ्या शर्टावर पिवळा डाग, ह्या एका मुद्द्यावर तो शर्ट माझा कामावरचा झाला. बरीच वर्षं यार्डातले हमाल मला लांबून ओळखायचे ते चेहऱ्यावरून नव्हे.

मग कॉलर विरली. मला वाटलं, सुटलो. आईनं कॉलर उलटवून आणायला सांगितली.

कॉलर उलटवणं हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बोळाच्या तोंडाशी एक म्हातारे टेलर बसतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, शर्ट डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि अर्ध्या ब्लेडनं कॉलर आणि पट्टी यांच्यामधली शिवण एकेक टाका करत उसवली. कॉलर सुटी होऊन त्यांच्या हातात आली. मानेला घासून घासून ज्या घडीवर तिचे तंतू उभे राहिले होते ती बाजू त्यांनी आत घातली, आतली कोरी बाजू बाहेर काढली आणि पुन्हा शिवली. पाच मिनिटांचं काम. वरून नवा शर्ट, आतून जुनं दुखणं. "आता अजून सात-आठ वर्षं बघायचं काम नाही," ते म्हणाले. त्यांना हे आनंदाचं वाटत होतं.

त्यानंतर कोपर फाटलं. त्याला रफू झालं, आणि रफूचा दोरासुद्धा शर्टाच्याच आतल्या शिवणीतून ओढून काढलेला. दुसरं कोपर गेलं तेव्हा मात्र बाह्या अर्ध्या केल्या. उरलेल्या तुकड्यांपैकी एक दळणाच्या डब्याचं तोंड बांधायला लागला आणि दुसऱ्याची आईच्या छत्रीला गवसणी झाली. म्हणजे मी शर्ट घालून निघायचो, पिठाच्या गिरणीत त्याची एक बाही भेटायची आणि पाऊस आला तर दुसरी.

एकदा धीर करून म्हणालो, "आई, आता पुरे. ह्याचं वय झालं."

"आयर्विन पूल १९२९ चा आहे," आई म्हणाली. "त्याच्यावरून जातोस की नाही? तुझ्या शर्टाला काय धाड भरलीय?"

ह्यावर उत्तर नाही. सांगलीत त्या पुलाचं नाव घेतलं की वाद संपतो.

मग चोरून प्रयत्न सुरू झाले. पहिल्यांदा सकाळच्या घंटागाडीत, सुक्या कचऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून टाकला. संध्याकाळी तो धुऊन दोरीवर. गाडीवरच्या पोरानं पुढच्या चौकातून परत आणून दिला होता, "आजी, दादांचा शर्ट चुकून आला बघा," म्हणत. वर आईनं त्याला लाडू दिला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ ची, त्यामुळं गावभागात काय झालं असेल ते सांगायला नको. आम्ही कागदपत्रं, दागिने, देव आणि आईचा बटणांचा डबा घेऊन विश्रामबागेत मावसबहिणीकडं गेलो. निघताना शर्ट खुंटीवर होता. मी तो बघितला, त्यानं मला बघितलं आणि मी दार ओढून घेतलं. त्या दिवसांत ह्या एका गोष्टीचं मला जे वाटलं ते उघड बोलायची सोय नव्हती.

परत आलो तर कपाट फुगून दार उघडेना, गाद्या गेल्या, फ्रिज आडवा झालेला आणि माझी सगळी प्रमाणपत्रं मिळून एक वीट झालेली. शर्ट खुंटीवर होता. खिशापर्यंत चिखलाची सरळ रेघ, वर कोरडा. आईनं तो तीन पाण्यांतून काढला आणि उजेडात धरून म्हणाली, "बघ. रंगसुद्धा गेला नाही." त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी काही बोललो नाही.

बोहारणीचा प्रयोग केला तो संकष्टीला, आई गणपती मंदिरात गेली असताना. बोहारीण पायरीवर बसली, शर्ट हातात घेतला आणि नोटा मोजणाऱ्या माणसासारखं त्याच्यावरून बोट फिरवलं. "एका शर्टावर काय येतंय दादा? दोन प्यांटी घाला वरती." मी घातल्या. त्यातली एक मी महिन्यापूर्वी कोल्हापूरच्या लग्नात मिरवलेली. तिनं स्टीलची एक चाळण काढून दिली. मग गाठोडं बांधता बांधता तिनं शर्टाची कॉलर दुमडून पाहिली आणि थांबली. "ही उलटवलीया की! ह्याचं एकदा जगून झालंय." शर्ट पायरीवर ठेवून ती उठली. प्यांटींचं विचारलं तर म्हणाली, "चाळण दिली न्हवं? सौदा झाला."

आईनं चाळण पाहिली, माझी हकीकत ऐकली आणि बराच वेळ गप्प राहिली. रात्री जेवताना म्हणाली, "शर्ट दिला नाहीस ते बरं केलंस."

ह्यानंतर शर्ट गच्चीवर गेला. गच्ची म्हणजे आईची शेती. रंगाच्या बादल्या, फुटके टब, तळ गेलेली घागर, ह्या सगळ्यांत काही ना काही उगवलेलं असतं. कृष्णाकाठची काटेरी देठांची वांगी, गवती चहा, अळू, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद. आख्ख्या हळदीच्या बाजारात बसणाऱ्या माणसाच्या घरी बादलीत हळद! आठ-नऊ महिने पाणी घालायचं आणि शेवटी मूठभर हळकुंडं. मी एकदा भाव काढून दाखवला. आई म्हणाली, "तुझ्या यार्डातल्या हळदीच्या पानात पातोळ्या होतात का?" होत नाहीत. यार्डात पानं येतच नाहीत.

तर मेथी-कोथिंबिरीचे कोंब पारवे खुडत होते, म्हणून आईनं बुजगावणं केलं. खराट्याचा दांडा, वर चीर गेलेलं मडकं, मडक्याला चुन्याचे डोळे आणि अंगात तो शर्ट, साती बटणं लावून. बांध्यानं माझ्यासारखंच झालं. पारव्यांनी त्याची दखल घेतली नाही. पहिल्याच दिवशी एक खांद्यावर बसला. समोरच्या काकांनी मात्र घेतली.

काकांना तेव्हा मोतीबिंदू होता. पहाटे पाचला ते बाल्कनीत येऊन तांब्याभर पाणी पितात. त्यांना रोज समोरच्या गच्चीत मी दिसायला लागलो. हात पसरून, निश्चल, उगवतीकडं तोंड करून. आठवड्याभरात बोळात बोलबाला झाला की पोरगं सुधारलं, पहाटे उठतं, सूर्यासमोर उभं राहतं, एक शब्द बोलत नाही. वाण्याच्या दुकानात दोघांनी मला योगाबद्दल विचारलं. आठ वाजता उठून तोंडात ब्रश घालून दारात आलो की लोक समजून घ्यायचे, बिचारा पाचपासून जागा आहे. बायको म्हणाली, "शिका काहीतरी त्याच्याकडून." 'त्याच्याकडून' हा शब्द मला लागला.

काकांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी गच्चीकडं पाहिलं, मग खाली माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तो बरा होता."

दोन उन्हाळे-पावसाळे शर्ट तिथंच होता. मग मी ठरवलं की ह्याला आता मातीच द्यायची. आईचा खताचा निळा ड्रम आहे, बुडाला आणि अंगाला भोकं पाडलेला. घरातला ओला कचरा, त्यावर मामाच्या शेतातल्या उसाचं पाचट, मध्ये मध्ये आंबट ताक आणि गुळाचं पाणी. पाचट कमी पडलं की वास सुटतो आणि चिलटं होतात, एवढं सांभाळलं की तीन-चार महिन्यांत काहीही जिरतं. केळीचं साल जिरतं, दोडक्याच्या शिरा जिरतात. मग शर्ट का नाही? आषाढातल्या एका रात्री भर पावसात मी बुजगावण्याचा शर्ट काढला, ड्रमच्या तळाशी घातला आणि वर कचरा लोटला. सकाळी आईनं उघडं बुजगावणं पाहिलं. "वाऱ्यानं गेला असेल," मी म्हणालो. नशिबानं रात्री वारा होता.

दिवाळीच्या आधी ड्रम रिकामा करायला मीच बसलो. खत झकास झालं होतं. चहाच्या चोथ्यासारखं काळं, हाताला मोकळं, पहिल्या पावसाचा वास. आंब्याच्या दोन कोया सोडल्या तर कशाचीच ओळख पटत नव्हती. आणि तळाशी खुरपं कशात तरी अडकलं.

ओढलं. शर्ट बाहेर आला. सगळाच्या सगळा, फक्त विरळ. ३३ टक्के गेले होते, ६७ टक्के हजर होते. कापूस ड्रमनं खाल्ला होता आणि राहिलं होतं ते नुसतं पॉलिएस्टरचं जाळं, इतकं पातळ की डोळ्यांसमोर धरल्यावर पलीकडची पाण्याची टाकी दिसत होती. रफू अर्धंमुर्धं विरघळलं होतं, पण टेलरचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचाच, त्यामुळं उलटवलेली कॉलर टाक्यांसकट ताठ. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन ह्या दोघांनी हा धागा शोधून काढला, पुढं त्याला टेरिलीन म्हणू लागले. त्या दोघांना आमच्या आईची कल्पना नसणार. असती तर त्यांनी चारदा विचार केला असता.

आई मागं येऊन उभी होती. ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. तिनं शर्ट झटकला, उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी ताणून पाहिला.

"अगं बाई, जाळी झाली की!" ती म्हणाली. "नर्सरीवाला कसल्या जाळीला मीटरला शंभर रुपये सांगत होता."

आता तो कोथिंबिरीवर ताणून बांधलाय. पारवे आत जाऊ शकत नाहीत. जे काम त्याला उभ्यानं जमलं नाही ते आडवा पडून जमलं. पण त्याआधी आईनं बटणं काढून डब्यात टाकली, मोजून. सहा भरली.

"सात होती."

म्हणून मी गच्चीवर बसलो होतो, मांडीशी खताचा ढीग, हातात बोहारणीची चाळण, दोन प्यांटींची. मूठभर खत घ्यायचं, चाळायचं, बघायचं. समोरच्या बाल्कनीतून काकांनी नव्या डोळ्यानं पाहिलं.

"काय शोधायलाय रे?"

"बटण."

"आणि तो कुठं गेला? दिसत नाही हल्ली."

"त्याचंच बटण आहे, काका."

काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, "नीट शोध. माणूस चांगला होता."