जुनिपर म्हणजे वड नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पावसाळा तोंडावर आला की जुनिपर या देवदार-चीडच्या गोतातल्या झाडाबद्दल एक मजकूर हमखास फिरतो: ‘जुनिपरचं बोन्साय वडासारखंच करा. पहिल्या पावसात सगळा पाला उतरवा, तार करकचून आवळा, वर्षभर हात लावू नका, कुंडी हॉलमध्ये सजवा. पाला टोचत असेल तर झाड हलक्या जातीचं.’ यातला एकही सल्ला मला पटत नाही, आणि पहिला तर झाडाच्या जिवावर उठणारा आहे.

वडाचा पाला उतरवला तरी धडधाकट झाड काही आठवड्यांत नव्या पानांनी भरतं. आपल्याकडे बहुतेकांचा हात वड-उंबरावरच बसलेला, म्हणून ही सवय. जुनिपरची सगळी ताकद मात्र त्याच्या हिरव्यात असते. फांदी पूर्ण बोडकी केली की तिला सहसा पुन्हा डोळा फुटत नाही, ती वाळते. आखूड करायची तर टोकाशी हिरवं राखूनच. माझ्या पहिल्या झाडावर मी हाच उद्योग केला होता. उरलासुरला पाला दीड महिना हिरवागार होता, मी रोज पाणी घालत होतो. शेवटी शंका येऊन नखानं साल खरवडली, तर आत तपकिरी, कोरडं लाकूड. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. ‘हिरवं आहे ना, मग जिवंत आहे’ हा हिशोब या झाडाला लावूच नका.

हॉलमध्ये ठेवलेलं झाड निभावतंय असं वाटतं तेही यामुळेच. त्याला उघड्यावरचं ऊन-वारं लागतं. पाहुणे यायचेत म्हणून एखादी संध्याकाळ आत आणलं तर बिघडत नाही, एवढंच.

टोचण्यावरून जात ठरवणं तर अन्याय आहे. नर्सरीत मिळणारं चिनी जुनिपर कोवळेपणी टोचरं असतं, मोठेपणी खवल्यांसारखा मऊ पाला धरतं, आणि जास्त छाटलं की पुन्हा टोचरा पाला काढतं. तेव्हा त्याला विश्रांती हवी असते. काही जाती जन्मभर टोचऱ्याच: भूमध्य समुद्राकाठचं काटेरी जुनिपर, जपानचं सुईपानी जुनिपर. दोन्हींना पेरापेराशी तीन-तीन सुया. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी हपुषा हे अशाच एका टोचऱ्या जुनिपरचं फळ. जपानी बोन्सायात सुईपानी जुनिपरला मोठा मान आहे.

आता तार, फांदीला हवा तसा बाक देण्यासाठी तिच्याभोवती गुंडाळतात ती. ती आवळायची नसते, सालीला जेमतेम टेकवायची असते. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वेढे 45 अंशांच्या तिरकस चालीनं. एकाच तारेनं शेजारच्या दोन फांद्या धरायच्या आणि मधला वेढा खोडाला घ्यायचा, म्हणजे तार सरकत नाही. टोचऱ्या पाल्यात खरी कसोटी इथं लागते. तारेखाली सुया दबल्या की त्या वाळतात, म्हणून डाव्या हातानं सुया बाजूला सारत एकेक वेढा पुढं न्यावा लागतो. बोटं ओरबाडतात, पण जाड हातमोज्यातून काय दबलं ते कळत नाही. वाकवताना बाकाच्या बाहेरच्या अंगावर तार आलीच पाहिजे, कारण फांदी तडकते ती तिथूनच. आतून दोन्ही अंगठे टेकवायचे आणि कानही तिकडं ठेवायचा. बारीकसा ‘कर्र’ ऐकू आला की तिथंच थांबायचं, उरलेला बाक पुढच्या हंगामात.

पावसाळ्यात तार घालून वर्षभर विसरणं म्हणजे सालीवर कायमचे वळ. बेळगाव 750 मीटरच्या आसपास उंचीवर, जून ते सप्टेंबर आभाळ गळत असतं, आणि ओलीत फांदी जोमानं जाड होते. मी पाऊस सरल्यावर, थंडीत तार घालतो आणि दर पंधरवड्याला फांदी फिरवून खालची बाजू बघतो. तार सालीत बसायला लागली की ती काढायची, फांदी अजून वळली नसली तरी. गरज पडली तर काही दिवसांनी नवी तार, वेढे जुन्या खुणांवर न आणता. तांब्याची तार उलगडून वाचवायला जाऊ नका. वाकवल्यावर ती कडक झालेली असते, उलगडताना सालीसकट निघते. पक्कडीनं प्रत्येक वेढा बाहेरून कापायचा आणि तुकडे एकेक करून उचलायचे.