चर्चच्या पंच कमिटीवर निवडून आलात? सलाम!

आता तुम्ही मंडळीचे पुढारी. चार गोष्टी शिकून घ्या, फुकट सांगतो. गेल्या रविवारी आमच्या वार्षिक सभेत सगळ्या बघून आलोय.

पहिलं, एक वचन तोंडपाठ करा: 'माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, हात लावू नका.' बायबलातलं स्तोत्र १०५. ते अब्राहाम, इसहाक, याकोब या मूठभर परक्यांबद्दल आहे, या देशातून त्या देशात भटकणाऱ्यांबद्दल, हे कुणाला सांगत बसू नका. तुमच्या दारात बोलेरो असली तरी वचन चालतं.

सल्ला 'हो हो' म्हणणाऱ्यांचाच घ्या. रहबाम राजाने घेतला होता. बारापैकी दहा वंश त्याचं राज्य सोडून गेले, पण उरलेल्यांत कटकट राहिली नाही.

ग्रॅनाइटची पाटी आधी, काम मागाहून. शौल राजानेही कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारलंच की.

आणि हिशेब? हिशेब मागणाऱ्याला शास्त्रानेच गप्प करा. आमच्याकडे दोन वर्षं छप्पर फंड चाललाय. कापणीच्या सणाच्या लिलावात मी स्वतः आणलेला नारळ तीनदा विकत घेतला. एका आजीने अंड्यावरची कोंबडी दिली. छपरावर आलं काय, तर निळी ताडपत्री. सभेत उठून विचारलं, किती जमले, किती गेले? सेक्रेटरीसाहेबांनी शांतपणे बायबल उघडलं. दुसरे राजे, १२वा अध्याय, १५वं वचन: मंदिराच्या डागडुजीचा पैसा ज्यांच्या हाती देत त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ती माणसं सचोटीची होती. टाळ्या! पाळकसाहेबांनी लगेच शेवटची प्रार्थना सुरू केली. बाहेर वडे गार होत होते ना.

अहो, पण त्याच पानावर जरा वर वाचा की! योवाश राजाच्या २३व्या वर्षापर्यंत याजक, म्हणजे मंदिराचे पुजारी, पैसे घेत राहिले आणि मंदिराची एक भेग बुजवली नाही. राजाने बोलावून जाब विचारला. त्यांच्या हातून पैसा काढून घेतला. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघं मिळून मोजायचे. दोघं! एकाने मोजून घरी न्यायची पद्धत त्यात नाही. हे सगळं झाल्यावर ते १५वं वचन येतं.

शमुवेल संदेष्टा म्हातारपणी लोकांपुढे उभा राहिला आणि स्वतःच म्हणाला, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच खाल्ली, सांगा, मी परत करतो. कुणी विचारलं नव्हतं त्याला. नहेम्या यहूदात १२ वर्षं अधिकारी होता, त्या पदाचा शिधा त्याने घेतला नाही. उलट रोज दीडशे माणसं त्याच्या पंगतीला. यरुशलेमेचा तट त्याने ५२ दिवसांत पुरा केला. तट! तुम्हाला दोन वर्षांत पत्रे बदलता येत नाहीत.

दावीद राजा तर खरोखरीचा अभिषिक्त. नाथान संदेष्ट्याने त्याचा गुन्हा दाखवून तोंडावर सांगितलं, 'तो मनुष्य तूच आहेस.' दाविदाने त्याला मंडळीतून काढायची नोटीस धाडली नाही. 'मी पाप केलं' म्हणाला.

तुम्ही पाप केलं असं मी म्हणत नाही. केलं नसेल तर वही का लपवता? एवढे घाबरता कशाला? त्या आजीची कोंबडी आहे त्यात. लाज वाटू द्या जरा. पावतीपुस्तकं, बँकेचं पासबुक, पत्रेवाल्याचं बिल, असेल तर, येत्या रविवारी उपासना सुटली की टेबलावर ठेवा. आणि वडे नंतर वाटा.