गोळ्या सोडून ध्यानाला बसण्याचा सल्ला घातक आहे

ध्यानाची सुरुवात कशी करावी हे सांगणारा एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे आणि तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: बुद्धाच्या ध्यानाने नैराश्य मुळापासून जाते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, म्हणून पहिल्याच दिवशी गोळ्या बंद कराव्यात, त्यानंतर त्रास झाला तर ती मनाची शुद्धी समजावी, मन निर्विचार झालेच पाहिजे, पद्मासनात तासभर बसल्याशिवाय उपयोग नाही, आणि पुनर्जन्मावर श्रद्धा नसेल तर सारे व्यर्थ. बहीण नैराश्यावर उपचार घेत आहे. "ताई, गोळ्या बंद करून बघू का?" असे तिने विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नैराश्यावरील गोळ्या एकाएकी थांबवल्या की चक्कर, मळमळ, निद्रानाश, चिडचिड, तीव्र अस्वस्थता असे त्रास उद्भवू शकतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. आता याला निरोपातील पुढचे वाक्य जोडून पाहावे. औषध तोडल्याने होणाऱ्या त्रासालाच शुद्धी मानायचे ठरवले, तर ज्या क्षणी रुग्णाने मदत मागायला हवी त्याच क्षणी तो आणखी वेळ डोळे मिटून बसेल. असा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी आपल्या यादीत कोण आजारी आहे याचा क्षणभर तरी विचार करायला हवा होता.

विज्ञानाने सिद्ध केले म्हणजे कोणी आणि काय, हे निरोपात नाही. या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा प्रयोग २०१५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वारंवार नैराश्य येणाऱ्या, पण त्या वेळी बऱ्या असलेल्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध चालू ठेवले गेले. उरलेल्यांना सजगतेच्या ध्यानावर आधारलेल्या मानसोपचाराचे वर्ग आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध कमी करण्यासाठी मदत मिळाली. दोन वर्षांत नैराश्य परतण्याचे प्रमाण ध्यानाच्या गटात ४४ टक्के, तर औषधाच्या गटात ४७ टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. काही रुग्णांना ध्यानाच्या आधाराने औषध कमी करता येते, एवढे यातून मान्य करावेच लागते. परंतु ते प्रशिक्षित मार्गदर्शकासह, हळूहळू आणि वैद्यकीय देखरेखीखाली झाले, आणि तरीही जवळजवळ निम्म्यांना नैराश्याने पुन्हा गाठले; 'मुळापासून जाते' या दाव्याला त्यात आधार नाही. शिवाय ध्यानानेही काहींची चिंता वाढते किंवा जुन्या आघातांच्या आठवणी उसळून येतात. अशा वेळी थांबावे आणि डॉक्टरांना सांगावे.

निर्विचार मनाची अट तर बौद्ध ग्रंथांशीच जुळत नाही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेविषयीच्या बुद्धाच्या पाली उपदेशात, विक्षिप्त (विखुरलेले) चित्त हे विक्षिप्त आहे असे जाणायला सांगितले आहे. म्हणजे भरकटलेले मन हाही निरीक्षणाचा विषय आहे. नवशिक्याने दहा मिनिटे बसावे, श्वास आत येताना आणि बाहेर जाताना जाणावा, मन दुसरीकडे गेल्याचे लक्षात आले की स्वतःला दोष न देता पुन्हा श्वासाकडे यावे. हे पन्नास वेळा घडले तरी अभ्यास बिघडलेला नसतो. निर्विचार मनाच्या अटीमुळे कितीतरी जण दोन दिवसांत 'मला जमत नाही' म्हणून सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

पद्मासनाचा आग्रह अनावश्यक आहे. खुर्चीत बसून चालते, आणि त्याच सुत्तात चालताना, उभे असताना व पडलेले असतानाही सजग राहण्याचा उपदेश आहे.

श्रद्धेच्या मुद्द्यात मात्र अर्धे तथ्य आहे. मूळ शिकवणीत पुनर्जन्म, शील आणि निर्वाण यांना मध्यवर्ती स्थान आहे, त्यामुळे केवळ श्वासाचा अभ्यास म्हणजेच संपूर्ण बुद्धविचार असे आपण श्रद्धा न ठेवणाऱ्यांनी म्हणू नये. पण म्हणून अभ्यास व्यर्थ ठरत नाही. केसपुत्त या गावच्या कालाम नावाच्या लोकांना उद्देशून केलेल्या उपदेशात बुद्धाने हाच प्रश्न हाताळला आहे: परलोक नसेल आणि कर्माचे फळही नसेल, तरी ज्याचे चित्त वैर आणि द्वेष यांपासून मुक्त आहे तो याच जन्मी सुखाने राहतो, असे आश्वासन त्यात स्पष्ट शब्दांत दिले आहे.