शुक्रवारीच सांगितलं असतं तर

गेली १४ वर्षं मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते. आमच्याकडे घडलेली गोष्ट आजवर बाहेर कुणाला सांगितली नव्हती. आज अण्णांना, म्हणजे आमच्या मालकांना, विचारूनच लिहितेय.

मार्च २०२४. आयकराच्या ४३बी(एच) कलमाची ती पहिलीच मार्चअखेर. छोट्या उत्पादकाचं बिल मुदतीत, फार तर ४५ दिवसांत भागवलं नाही आणि ते मार्चअखेरीलाही थकलेलं राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. त्यामुळे जो तो देणी मोकळी करायच्या घाईत होता. आम्हाला सूत देणाऱ्या तमिळनाडूतल्या एका छोट्या गिरणीचे ३ लाख ४० हजार द्यायचे होते. गुरुवारी दुपारी मेल आला : ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, रक्कम या नव्या खात्यावर पाठवा. बिल नंबर बरोबर, रक्कम रुपयापर्यंत बरोबर, खाली नेहमीचा लोगो. आमच्या ऑफिसातल्या पोरानं संध्याकाळी आरटीजीएस करून टाकलं.

सोमवारी गिरणीतून फोन आला, पेमेंट कधी करताय?

तो मेल मी पुन्हा उघडला. गिरणीच्या नावात इंग्रजी 'एम' आहे. पत्त्यात त्या 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते. मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा मला 'एम'च दिसला. स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली तेव्हा कुठे मधली फट दिसली. असा पत्ता चोरांनी रीतसर विकत घेतलेला असतो, त्यामुळे मेल स्पॅममध्येही जात नाही, सरळ इनबॉक्समध्ये येतो. आणि त्या वेळी आरटीजीएसला खाते क्रमांकच बघितला जायचा, नाव जुळतंय का हे कुणी तपासत नव्हतं. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांनी दिली आहे. ती वापरा.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. पोरगा रडायच्या बेताला आला होता. म्हणाला, "ताई, मला शुक्रवारीच शंका आली होती. पैसे मिळाले का म्हणून मेल टाकला, तर दोन मिनिटांत 'मिळाले, धन्यवाद' आलं. ते लोक एवढ्या लवकर कधीच उत्तर देत नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"अण्णा कामावरनं काढतील म्हणून."

शुक्रवार, शनिवार, रविवार. आम्ही १९३० ला फोन लावला तो सोमवारी. पोलिसांच्या त्या नंबरवर तक्रार गेली की पैसे ज्या बँकेत पोचलेत तिथे ते अडवायची धडपड होते. पण पैसे एका खात्यातून चार खात्यांत आणि तिथून एटीएममधून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. आमचे २२ हजार अडवले गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

बिलाचा नंबर चोरांना कळला कसा, हे त्यानंतर शोधलं. आमच्या मेलच्या सेटिंगमध्ये कुणीतरी एक अनोळखी पत्ता घालून ठेवला होता. येणारा प्रत्येक मेल परस्पर तिकडेही जात होता. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या गडबडीत, 'मेलबॉक्स भरला आहे, आज लॉगिन केलं नाही तर बंद होईल' असा मेल आला होता. त्या लिंकवर पासवर्ड मी टाकला होता. मी, पोरानं नाही. हे मी त्याच दिवशी अण्णांच्या समोर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोराला म्हणाले, "जेवून घे जा."

त्या एका वाक्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे. बहुतेक ठिकाणी आधी शिव्या, मग पगारातून कपात. मालक लोकहो, हात जोडून सांगते, माणूस तुम्हाला घाबरून गप्प बसतो ते तीन दिवस चोराला फुकट मिळतात. फसणारी माणसं अडाणी नसतात, कामाच्या ओझ्याखाली असतात.

आता आम्ही काय करतो ते सांगते. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, म्हणून नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडतो. लिंक असेल तर सुरुवातीचं 'https://' सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता उलटा, उजवीकडून वाचतो, कारण वेबसाइटचा खरा मालक तिथे कळतो. डावीकडे बँकेचं नाव कुणीही लिहू शकतो. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन'वर आणायला लावलेत, तेवढी खूण लक्षात ठेवा. आयकर परतावा सरळ खात्यात जमा होतो. तो 'स्वीकारायला' लिंक दाबा, कार्डाचा नंबर टाका, असा मेल आला की तो खोटाच. फालतू मेलखालचं 'अनसबस्क्राइब' दाबू नका, पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं. मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, म्हणजे पासवर्डनंतर कोडही लागतो, आणि महिन्यातून एकदा फॉरवर्डिंगचं, म्हणजे मेल परस्पर दुसरीकडे पाठवायचं, सेटिंग उघडून बघा. हे शेवटचं कुणीच करत नाही.

आणि खातं बदललं असा मेल आला, की फोन. मेलमधल्या नंबरवर नाही, आमच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर. एक रुपया पाठवून 'मिळाला का' असं मेलवर विचारणं बिनकामाचं आहे, उत्तर चोरच देतो.

तो पोरगा अजून आमच्याकडेच आहे. गेल्या आठवड्यात रंगाच्या व्यापाऱ्याचा खातं बदलल्याचा मेल आला, तर त्यानं पेमेंट थांबवून डायरी काढली. लूमची खडखड ऐकू येऊ नये म्हणून बाहेर गेटपाशी जाऊन फोन लावला. मेल खरा निघाला, त्यांनी खरंच बँक बदलली होती. आत येऊन मला म्हणाला, "ताई, बरोबर आहे. करू का आता?"