‘हे काम पोरांचं नव्हे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुम्ही वयाचा उल्लेख केलात म्हणून काका म्हणते. नव्याने आलेल्या अफगाण कुटुंबांसाठी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या विद्यापीठातली मुलं काय करतात, त्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: निर्वासितांना वसवणं हे सरकारचं काम, पोरांचं नव्हे, मुलं सेमिस्टरपुरती येतात आणि रेझ्युमेत एक ओळ वाढली की निघून जातात, आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आपले मजूर पायी गावी निघाले तेव्हा हा कळवळा कुठे होता?

शेवटचं आधी घेते. त्या दिवसांत मी पुण्यात होते. जेवणाची पाकिटं भरणाऱ्यांत आणि वाटणाऱ्यांत कॉलेजची मुलं किती होती ते मी पाहिलंय. इथे धावून जाणारा तिथे हात बांधून बसला असता, असं कशावरून?

आता सरकारचं. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि अमेरिकेने सत्तर हजारांहून जास्त लोकांना आणून आठ लष्करी तळांवर ठेवलं. त्यातला एक तळ आमच्या न्यू जर्सीतला, मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्ट. तिथून शेवटची माणसं फेब्रुवारी २०२२मध्ये बाहेर पडली. पुनर्वसन करणाऱ्या संस्थेला सरकार तेव्हा माणशी २,२७५ डॉलर देत होतं, त्यातले १,२२५ थेट त्या माणसासाठी. तेवढ्यात घर, सामान, मुलांची शाळा, सोशल सिक्युरिटी क्रमांक, डॉक्टर, सगळं साधारण ९० दिवसांत मार्गी लावायचं. त्याआधीच्या ट्रम्प सरकारने वर्षाला घ्यायच्या निर्वासितांची मर्यादा १८,००० आणि मग १५,०००वर आणली होती, त्यामुळे या संस्थांची कितीतरी कार्यालयं बंद पडलेली, अनुभवी माणसं गेलेली. एवढा लोंढा आला तो अशा वेळी. म्हणजे सरकारने आपलं काम केलं काका, पण ते ९१व्या दिवशी थांबलं.

पुढचं एका घरातलं सांगते. वडील रात्रपाळीला गोदामात जातात. आई घरी, तीन लहान मुलं. ती कधीच शाळेत गेलेली नाही, तिची स्वतःची भाषा दारीसुद्धा लिहिता येत नाही. लायब्ररीत इंग्रजीचे मोफत वर्ग चालतात, पण जायला गाडी नाही आणि मुलं ठेवायला कुणी नाही. म्हणून दोघी विद्यार्थिनी तिच्या घरी जातात. एक बाहेरच्या खोलीत मुलांना खेळवते, दुसरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईजवळ बसते. सुरुवातीचे कित्येक आठवडे फक्त पेन्सिल धरणं, रेघा, मग आकडे. आकडे आधी, कारण फोन लावायला तेच लागतात, आणि विजेच्या बिलावर शेवटची तारीख कुठे असते तेही त्यावरूनच कळतं. लहानपण पेशावरला निर्वासित म्हणून गेल्याने तिला उर्दू येते, त्यामुळे आमच्यासारख्यांची हिंदी तिथे चालून जाते. नवरा-बायको दोघांच्याही कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी. जन्मनोंद नसलेल्या कित्येक अफगाणांची ती तशीच लिहिली जाते. शाळेच्या ऑफिसला त्यात घोटाळा वाटला, तेव्हा आमच्यातली एक मुलगी सोबत जाऊन बसली आणि समजावून आली. हे काम पुनर्वसन संस्थेच्या केसवर्करच्या यादीत कुठे येतं, सांगा बरं?

कागदपत्रांतलं सगळंच मुलं करत नाहीत, करूही नये. तेव्हा आलेल्या बहुतेकांना इथे दोन वर्षांचा पॅरोल, म्हणजे तात्पुरतं राहण्याची परवानगी, मिळाली होती, त्याला जोडून ग्रीन कार्ड येत नाही, आश्रयासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो वकिलाच्या हाताखालीच व्हायला हवा. कायद्याचे विद्यार्थी लॉ स्कूलच्या कायदा-मदत केंद्रात वकील असलेल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तो भरतात. बाकीचे गाडीने ने-आण करतात.

रेझ्युमेचं म्हणाल तर लिहू देत की. थंडीत दर शनिवारी बस बदलून जाणाऱ्या मुलीने ते लिहिलं तर बिघडलं काय?

सेमिस्टरपुरतं येण्याबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. ज्यांची सगळी माणसं एका आठवड्यात मागे सुटली, त्यांना पुन्हा सोडून जाणारी माणसं नकोत. म्हणून प्रत्येक घरी एक सीनियर आणि एक ज्युनियर अशी जोडी जाते, आणि घराची एक वही असते: काय शिकवून झालं, दवाखान्याची तारीख कधी, कोणतं पत्र आलंय. सीनियर जाते तेव्हा मागे राहिलेली नवीन जोडीदारीण घेऊन येते. नॉर्थ कॅरोलिनातल्या गिलफर्ड कॉलेजात २०१५पासून याहून पक्की सोय आहे. प्राध्यापिका दिया अब्दो यांनी सुरू केलेल्या ‘एव्हरी कॅम्पस अ रेफ्यूज’मध्ये कॉलेज आपल्याच आवारातलं घर निर्वासित कुटुंबाला देतं. विद्यार्थी बदलले तरी जबाबदारी संस्थेची राहते. आमच्या विद्यापीठानेही ते करावं म्हणून आम्ही मागे लागलोय.

तोवर एक अडचण आहे. मेमध्ये परीक्षा संपल्या की गाडी असलेली मुलं घरोघर पांगतात. तुमचे चिरंजीव न्यू जर्सीतच एडिसनला असतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याकडे गाडी असेल, हिंदी तर येतच असेल. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी दोन-तीन तास हवेत. त्यांना मला ईमेल करायला सांगाल का?