उन्हाचं खापर मागच्या जन्मावर फोडू नका

‘हवामानाच्या काळजीवर बुद्धांचे चार उपाय’ हा मेसेज आठवडाभर नागपुरात फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. काल मावशीने तो माझ्या भाचीला पाठवला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून ढग गडगडला की ती पोरगी रात्रभर जागी. म्हणून लिहिते.

‘वीस मिनिटं श्वास पाहा, भीती जाईल.’ निम्मं खरं आहे, मान्य. आनापानाने, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याने, छातीतली धडधड बसते, मीही करते. बातम्यांनी उगाच घाबरू नये हेही ठीक. २०२४ च्या मेमध्ये इथे ५६ अंश ऐकून सगळे हादरले, मग हवामान विभागाने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. पण धडधड थांबल्यावर करायचं काय? बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे हे सजगपणे पाहणं, सातवी. कर्मान्त (योग्य कृती), आजीविका (योग्य उपजीविका), व्यायाम (योग्य प्रयत्न) तिच्याआधी. मेसेजवाल्याने थेट सातव्या पायरीवर आसन टाकलं.

‘सगळं अनित्य, सोडून द्या.’ तापलेलं टिनाचं छप्परही अनित्यच, बाप्पा. म्हणून तर ते बदलता येतं.

डोकं फिरलं ते तिसऱ्याने: ‘उष्माघात हे पूर्वकर्माचं फळ, समतेने स्वीकारा.’ संयुत्त निकाय या पाली ग्रंथातलं सीवक सुत्त उघडा. मोळिय सीवक हेच विचारतो: सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरं का? बुद्ध त्याला चूक ठरवतात आणि वेदनेची आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिघांचा मेळ, ऋतूचा पालट, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात, आणि सगळ्यांत शेवटी कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठात एक! ऋतूचा पालट तर वेगळा, नाव घेऊन सांगितलाय. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी दोनला घमेलं उचलणाऱ्या बाईला ऊन लागतं ते उन्हामुळे, कंत्राटदाराच्या घाईमुळे, सावली नसल्यामुळे. तिचा मागचा जन्म काहून उकरता? आणि तेही दीक्षाभूमीच्या गावात, जिथे १९५६ साली लाखोंनी हेच ओझं खाली ठेवलं?

चौथा, ‘बुद्धांनीही जगाचे तंटे सोडले.’ बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरात आहे ना? त्यात गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणी नदीच्या पाण्याचाच तंटा आहे, आणि सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत उभा राहून युद्धाला विरोध करतो.

मावशीला फोनवर हे सगळं ऐकवलं. म्हणाली, “मी तं फक्त पुढे पाठवलं गं.” रविवारी भाची आणि मी वस्तीतल्या टिनांवर चुना मारणार आहोत. शिडी मावशीकडेच आहे.